खालचं पन्नास

इतवारीत भांड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वर प्रेमिला लांजेवारची नोकरी होती. पितळी गुंड आणि स्टीलचे ड्रम यांच्या मधून जिना वर जायचा. वर दोन खोल्या, थोडे कॉम्प्युटर, आणि खालच्या गल्लीतला हातगाडीवाल्यांचा दिवसभराचा आरडाओरडा. गिऱ्हाइकाचा फोन आला की प्रेमिला एका कानात बोट घालून दुसऱ्या कानानं ऐकायची. ती आली तेव्हा तिचं काम एवढंच होतं, फोन ऐकायचा आणि काय बिघडलं ते प्रोग्रामरला सांगायचं.

कंपनी धर्मकाट्यांचं सॉफ्टवेअर बनवायची. जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा, त्यावर ट्रक चढतो. काट्याचा आकडा वायरीनं खोलीतल्या कॉम्प्युटरवर येतो. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, दोघांची वजाबाकी, आणि चिठ्ठी छापून ड्रायव्हरच्या हातात. सॉफ्टवेअरचं नाव 'तोलसाथी'. मालक ओमप्रकाशजी सांगायचे, "दोन आकडे, एक वजाबाकी. ह्याच्यात काय मोठं आहे?"

मोठं काय आहे ते प्रेमिलाला फोनवर कळत गेलं. कन्हानचा कोळसावाला म्हणायचा, चिठ्ठीवर खाणीचं नाव पाहिजे. भंगारवाल्याला एकाच गाडीत लोखंड, पत्रा, ओतीव बीड वेगवेगळं तोलायचं असायचं. गिट्टीवाल्याला वजनावरून घनफूट काढून हवं. आणि कुही, मौदा, भंडाऱ्याकडच्या राइस मिलवाल्यांना धानाचा ओलावा धरून कपात हवी. आज हे पाहिजे, उद्या ते नको, परवा पुन्हा ते पाहिजे. प्रोग्रामर काय करायचा, तर आधीच्या गिऱ्हाइकाची कॉपी मारायचा, त्यात नवी मागणी ठोकून द्यायचा आणि नव्या गिऱ्हाइकाला लावायचा. अशा कॉप्या वाढत गेल्या. प्रोग्रामर वर्ष-दीड वर्षात पुण्याला निघून जायचे. कॉप्या राहायच्या.

प्रेमिला कुहीजवळच्या खेड्यातली. वडील रुपराव धान पेरायचे, धाकटा भाऊ ऋषिकेश त्यांच्या हाताखाली. नागपुरात मावशीकडे राहून तिनं बीसीए केलं होतं. लग्न एक-दोनदा जमता जमता राहिलं, मग कोणी जमवायच्याही भानगडीत पडलं नाही. एक प्रोग्रामर ऐन कामात सोडून गेला तेव्हा ओमप्रकाशजींनी तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही पाहून घ्याल का?" तिनं पाहून घेतलं. मग तीच पाहत राहिली.

एका वर्षी सरकारनं बिलांचे नियम बदलले आणि एकच ओळ प्रत्येक कॉपीत जाऊन बदलावी लागली. एक कॉपी सुटली. त्या गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात अडली, माल उन्हात पडून राहिला, आणि तो माणूस जिना चढून ऑफिसात येऊन ओरडून गेला. त्या दिवशी प्रेमिलानं ठरवलं, हे असं चालायचं नाही. हे सगळे काटे एकाच घरातले आहेत. जे सगळ्यांचं सारखं आहे ते एकदाच लिहायचं, एका जागी. ज्याचं त्याचं वेगळं आहे ते त्याच्या त्याच्या फांदीवर. ऑफिसात तिनं त्या सामायिक भागाला नाव दिलं 'मूळ'.

ओमप्रकाशजी म्हणाले, "जे चालून राहिलं ते चालू द्या ना."

तिनं ते रोजच्या कामातून वेळ काढून केलं. त्यासाठी ती काट्यांवर गेली. कोळशाच्या काट्यावर काळी होऊन यायची, मिलच्या काट्यावर कोंड्यानं पांढरी. काट्याच्या खोलीत बसून ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "हे तुम्हाला काहून पाहिजे?" लोक हसायचे. पण त्या प्रश्नातून तिला कळायचं की दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी मागतात तेव्हा त्यांना पुष्कळदा एकच गोष्ट हवी असते, आणि एकच गोष्ट मागतात तेव्हा पुष्कळदा दोन वेगळ्या.

दोन-अडीच वर्षांत मूळ उभं राहिलं. पुढच्या वेळी नियम बदलले तेव्हा तिनं सकाळी एका जागी ओळ बदलली आणि दुपारपर्यंत सगळ्या काट्यांवर ती पोचली होती. त्या संध्याकाळी ती घरी पायी गेली. महालातून जाताना तिनं स्वतःसाठी अर्धा किलो संत्रा बर्फी घेतली आणि मावशीला सांगितलं, "आज माझं काम झालं." मावशीला वाटलं पगार वाढला.

मग धंदा वाढला. नवं गिऱ्हाईक आलं की मूळ तेच, वर दोन-चार खटके, चालू किंवा बंद. तिच्या गावाकडच्या भागातल्या जवळपास प्रत्येक राइस मिलच्या काट्यावर तोलसाथी लागलं. रुपराव गावात सांगायचे, "थे चिठ्ठी निंघते ना, थे माझ्या पोरीची हाय."

ऑफिसात तिचा एकच नियम होता. मुळाला हात लावायचा तर आधी तिला विचारायचं. एकाची मागणी मुळात गेली की ती सगळ्यांची होते.

*

रुपरावांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. धान कापणीला आलेलं, ऋषिकेश शेतात अडकलेला, म्हणून प्रेमिलानं रजा घेतली. ती नसताना कन्हानच्या कोळसावाल्याचा फोन आला. त्याची मागणी सरळ होती. ओल्या कोळशातून वाटेत पाणी गळतं, पोचल्यावर वजन थोडं कमी भरतं आणि घेणारा भांडतो. तेव्हा काट्यावरच निव्वळ वजन खालच्या पन्नास किलोवर धरा. म्हणजे वरचे तीस-चाळीस किलो सोडून द्यायचे. विकणारा तो, सोडणाराही तोच. तीस टनांच्या गाडीत ते काहीच नव्हतं आणि भांडण मिटत होतं.

ओमप्रकाशजींनी फोनवरच हो म्हटलं, संध्याकाळपर्यंत देतो. ऑफिसात रितिका होती, कामठीची मुलगी, पहिलीच नोकरी. ती म्हणाली, "सर, मॅडमला विचारते."

"त्या दवाखान्यात आहेत. त्यांना काय त्रास द्यायचा? दोन ओळींचं काम आहे."

ते खरंच दोन ओळींचं होतं. वजाबाकी मुळात होती, म्हणून रितिकानं त्या दोन ओळी तिथेच लिहिल्या. कोळशाच्या काट्यावर तपासलं, बरोबर आलं. संध्याकाळी अपडेट गेला. मूळ जसं जायला हवं तसंच गेलं, सगळ्यांकडे.

प्रेमिला परतली तेव्हा तिला कोणी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं असं कोणाला वाटतच नव्हतं. पहिला फोन भंगारवाल्याचा आला. "मॅडम, आपलं वजन पन्नास नाही तं शंभरावरच काहून येऊन राहिलं? कारखान्यात माझा माल जास्त भरते."

मग गिट्टीवाल्याचा. त्याचंही तेच.

प्रेमिलानं मूळ उघडलं आणि दोन ओळी पाहिल्या. रितिकाला तिनं रागावलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि त्या ओळी मुळातून काढून कोळशाच्या फांदीवर कशा न्यायच्या हे तिच्याच हातून करवून घेतलं. अपडेट गेला. भंगारवाला आणि गिट्टीवाला खूश झाले. रितिका डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, बाकी कोणाचं नुकसान झालं असंल का?"

तेव्हा प्रेमिलाच्या ध्यानात आलं की राइस मिलवाल्यांचा एकही फोन आला नव्हता.

भंगारवाला विकतो, गिट्टीवाला विकतो. कमी वजन त्यांच्या अंगावर येत होतं, म्हणून त्यांनी दोन दिवसांत ओरड केली. मिलवाला घेतो. त्याच्या काट्यावर शेतकरी ट्रॅक्टरची ट्रॉली आणतो, कोणी छोटा टेम्पो. तिथं खालचं पन्नास म्हणजे कधी वीस किलो, कधी चाळीस किलो धान शेतकऱ्याचं जात होतं, आणि ऐन हंगामात रोज जात होतं. तोच नियम. कन्हानला तो भांडण मिटवत होता, कुहीला चोरी करत होता. आणि चोरी होतेय हे मिलवाल्यांना कळत नव्हतं, असं मानायला तिचं मन तयार होईना. काट्याबाहेरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर खरं वजन दिसतं, चिठ्ठीवर दुसरं. रोज शेकडो चिठ्ठ्या फाडणाऱ्याला ते दिसणार नाही?

उत्तर तिला दुसऱ्या दिवशीच मिळालं.

*

नानाजी हे कुहीकडच्या एका मिलचे मालक. वयस्क, बोलायला गोड, प्रेमिलाला पोरी म्हणणारे. त्यांच्या काट्यावर बसून ती एकेकाळी चहा प्यायली होती. त्यांनी फोन केला, "पोरी, तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं वं."

"काय झालं नानाजी?"

"वजन कायचंबी येऊन राहिलं. तेवीसशे बासष्ट, अठराशे सत्तर. मागं कसं सफाईनं येत होतं. पन्नास, शंभर. हिशोबाले बरं पडे."

"मागचं चुकीचं होतं नानाजी. आमच्याकडून चूक झाली होती. आता बरोबर आहे."

 नानाजी हसले. "चूक कोनाची का असंना, आमाले थेच पाहिजे. ओमप्रकाशजीले दे फोन."

त्या आठवड्यात बहुतेक मिलांचे फोन आले. कोणी सभ्यपणे बोललं, कोणी म्हटलं की पलीकडची मिल जे सॉफ्टवेअर घेते तेच आम्हालाही चालेल, तुमचंच पाहिजे असं नाही. कंपनीचं निम्म्याहून अधिक काम धानावर चालायचं.

ओमप्रकाशजींनी प्रेमिलाला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनीच डॉक्टरला फोन केला होता.

"मॅडम, गिऱ्हाईक मागतो ते द्यायचं. तुम्हीच शिकवलं ना सगळ्यांना, मागणी नीट समजून घ्या. ही मागणी आहे."

"सर, ही मागणी नव्हती. ही चूक होती."

"परवापर्यंत चूक होती. आता मागणी झाली."

"शेतकऱ्याचं धान जाते त्यात."

"पोत्यामागं किलो-दोन किलो कडता तं आधीपासून कापतात. हातानं कापत होते, तुम्हाला माहीत नाही का?"

"कडता सांगून कापतात. माणूस नाही म्हणू शकते, भांडू शकते. हे वजनच कमी छापणं आहे. त्याला कळतच नाही काय गेलं ते."

"काटा आपला नाही, धान आपलं नाही, तोलणारा आपला नाही. आपण खटका देतो. दाबणारा दाबेल, नाही तं नाही दाबणार." ओमप्रकाशजींनी हात जोडल्यासारखे केले. "मले चौदा लोकांचा पगार करा लागते, मॅडम."

"मी नाही करणार," प्रेमिला म्हणाली.

"ठीक आहे. रितिका करेल."

रितिका बसली. प्रेमिला आपल्या जागेवरून पाहत होती. सर पोरीच्या मागे उभे होते, आणि घाईघाईत तिनं पुन्हा मूळच उघडलं. प्रेमिलाला समोर दिसत होतं की हे असंच गेलं तर उद्या पुन्हा सगळ्या काट्यांवर सगळी वजनं बिघडतील. भंगाराची, गिट्टीची, जिथे धानाचा संबंधही नाही तिथलीही. जे तिनं इतक्या वर्षांत उभं केलं ते रितिकाच्या भीतीनं मोडून पडेल.

ती उठली. रितिकाला म्हणाली, "सरक." आणि तिनं ते स्वतः केलं.

चांगलं केलं. धानाच्या फांदीवर वेगळा खटका, इतर कशाला धक्का नाही. आणि तिनं आपल्या परीनं एक अडसर घातला: खटका चालू असेल तर चिठ्ठीवर एक ओळ आपोआप छापेल, 'खरे वजन इतके, कडता इतका'. शेतकऱ्याला वाचता येईल, भांडता येईल. ओमप्रकाशजींना ती म्हणाली, "छापून कापू द्या मग."

त्यांनी मान हलवली. आठ दिवसांत मिलवाल्यांची पुढची मागणी आली. ती ओळ नको. चिठ्ठी लांब होते, कागद जास्त लागतो. रितिकाला ते काढायला जेमतेम एक मिनिट लागलं. प्रेमिलानं सगळं इतकं नीट बांधलं होतं की ती ओळसुद्धा एक खटकाच होती, चालू किंवा बंद.

*

रविवारी ती गावाला गेली. अंगणात धानाच्या पोत्यांची थप्पी होती. रुपराव डोळ्याला काळा चष्मा लावून बाजेवर बसले होते. तिनं वडिलांना आणि भावाला समोर बसवून सगळं सांगितलं.

ऋषिकेश ऐकून ताडकन उठला. "म्हणजे आपलं मागच्या खेपेचं गेलं? अन् तुले माहीत होतं?"

"मागच्या खेपेला माहीत नव्हतं. आता आहे."

"अन् आता थे तूच बनवून देल्लं."

तिनं हो म्हटलं. खोटं बोलून काही उपयोग नव्हता.

रुपराव म्हणाले, "बस ना गा, ऋषी. कापतेतच थे. आधी नानाजीचा माणूस कापे, तं आपण दोन शब्द बोलो त्याले. एखाद खेपी सोडेबी. आता चिठ्ठी छापून येते, तं कोनाले बोलाचं?"

ऋषिकेश बसला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉली घेऊन गेला आणि पाटीवरचा लाल आकडा आणि चिठ्ठीचा आकडा यावरून नानाजींच्या काट्यावर भांडला. चार शेतकरी जमले. नानाजी आवाज न चढवता म्हणाले, "काट्याले सरकारी सील हाय, पाहून घे. अन् छापणारं सॉफ्टवेअर तुह्याच बहिणीचं हाय. मले काय विचारतं? तिले विचार." जमलेले शेतकरी हसले. ऋषिकेशची ट्रॉली तशीच परत आली. नानाजींनी सांगून टाकलं, रुपरावचं धान आमच्याकडे नको.

पुढच्या मिलवर नेलं तर तिथेही तोलसाथीच होतं, आणि तिथल्या मालकाला नानाजींचा फोन आधीच आला होता.

प्रेमिलानं मग तक्रार केली. स्वतःच्या नावानं, वजनमापांची तपासणी करणाऱ्या कचेरीत. आलेला अधिकारी तरुण होता, टाळाटाळ करणारा नव्हता. तीही त्या दिवशी नानाजींच्या मिलवर गेली. त्यानं प्रमाणित वजनं काट्यावर ठेवली, पाटी पाहिली, चिठ्ठी काढली. एका किलोचाही फरक नव्हता. साहेब यायच्या आधीच खटका बंद केलेला होता.

"जुन्या चिठ्ठ्या पाहा," ती म्हणाली.

त्यानं पाहिल्या. सगळी वजनं पन्नासावर नाहीतर शंभरावर. त्यानं नानाजींकडे पाहिलं.

नानाजी म्हणाले, "साहेब, ही व्यापारातली पद्धत हाय. वरचं सुटं वजन शेतकरी स्वतःच्या मर्जीनं सोडते. विचारा याइले."

काट्याच्या खोलीबाहेर पाच-सात शेतकरी आपापल्या ट्रॉल्या लावून उभे होते. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही मर्जीनं सोडता का? नसाल सोडत तर कोणीतरी जबाब द्या, मी आत्ता लिहून घेतो. जबाबाशिवाय मला पुढं जाता येत नाही."

जबाब द्यायला कोणी पुढं आलं नाही. एकजण ट्रॅक्टरचं टायर पायानं दाबून पाहत राहिला. त्यांच्या मागे अजून ट्रॉल्यांची रांग होती आणि दुपार व्हायच्या आत तोलून मोकळं व्हायचं होतं.

प्रेमिला तिथूनच घरी गेली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, तुम्ही जबाब द्या. साहेब अजून तिथंच आहेत. चिठ्ठी तुमच्या नावावर आहे."

"मी देतो," ऋषिकेश म्हणाला.

"तुझ्या नावावर नाही चालणार."

रुपरावांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता. "बाई," ते म्हणाले, "जबाब देल्ला, तं साहेब निंघून जाईन. तू नागपूरले निंघून जाशीन. अन् हा पोरगा पुढल्या साली धान कुठं टाकंन?"

"सरकारी खरेदी केंद्रावर."

"तिथंबी काटा हाय ना वं."

 त्या केंद्रावर कोणतं सॉफ्टवेअर आहे ते तिला माहीत नव्हतं. ऋषिकेश वडिलांकडे पाहत उभा राहिला, मग बैलांच्या गोठ्यामागे निघून गेला. अधिकारी संध्याकाळी कागद बंद करून गेला. जाताना त्यानं प्रेमिलाला सांगितलं, "कोणी तयार झालं तर कळवा. मी येईन." तो बहुधा खरंच आला असता.

अंगणातलं धान शेवटी गावातल्या मधुसूदन नावाच्या शेजाऱ्याच्या ट्रॉलीतून, त्याच्या नावानं, नानाजींच्याच काट्यावर गेलं. खालच्या पन्नासावर तोललं गेलं. नानाजींना कोणाचं धान आहे ते ठाऊक होतं. त्यांनी काही म्हटलं नाही.

*

तक्रारीची गोष्ट ओमप्रकाशजींना कळली, पण त्यांनी तिला काढलं नाही. "तुम्ही गेल्या तं मूळ कोण सांभाळेल?" एवढंच म्हणाले. ते खरं होतं आणि तेच तिला सोसेना. नवीन गिऱ्हाईक आलं की ती मागण्या ऐकून घ्यायची, पण तो जुना प्रश्न, 'हे तुम्हाला काहून पाहिजे', तिच्या तोंडून निघेना. उत्तर ऐकायची भीती वाटायची. एका जिनिंगवाल्यानं कापसासाठी तसलाच खटका मागितला. मूळ तयारच होतं, फक्त फांदी बदलायची होती. तिनं ते करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

बरेच महिने तिला काम मिळालं नाही. पुण्याला जायचं वय गेलं असं तिला वाटायचं, आणि तिथे जाऊन वेगळं काय असणार होतं असंही वाटायचं. मग उमरेड रोडच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली. पोरांना कीबोर्डवर बसवायचं, प्रिंटरचा कागद घालायचा, परीक्षेच्या वेळी लॅब उघडायची. एकाच मुळावर अनेक गिऱ्हाइकांची सॉफ्टवेअर कशी बांधतात हे शिकवायला तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही कोणाला कळू दिलं नाही की ते तिला येतं.

गावाला ती कमी जाऊ लागली. ऋषिकेश तिच्याशी बोलायचा, पण घरच्या कामापुरतं. रुपरावांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं तिला कळवलं ते झाल्यावर.

एका दुपारी लॅबमध्ये असताना रितिकाचा फोन आला. आता मूळ तीच सांभाळत होती. आवाजात जुनी भीती नव्हती, नुसता थकवा होता.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तोलसाथी आता छत्तीसगडातल्या मिलांना जाऊन राहिलं. प्रत्येक नवीन गिऱ्हाईक तो खटका आपणहून चालू करायला सांगते. सर म्हणतात, मग सुरुवातीपासूनच चालू ठेवून द्या. मी मुळात बदलू का फांदीवर?"

प्रेमिलानं खिडकी लावली, कारण बाहेर बसवाला हॉर्न वाजवत होता.

"मुळात बदललं तर काय होईल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही मॅडम. म्हणूनच विचारून राहिली."

ती नाही म्हणू शकली असती. मला माहीत नाही, असंही म्हणू शकली असती. मग रितिकानं अंदाजानं केलं असतं, आणि कन्हानपासून रायपूरपर्यंत कुठल्या काट्यावर काय छापून आलं असतं याचा नेम नव्हता.

"फांदीवर," प्रेमिला म्हणाली. "धानाच्या फांदीवर सुरुवातीच्या सेटिंगची फाइल आहे. तिथं बदल. मुळाला हात लावू नको."

"अन् जुन्या गिऱ्हाइकांचं?"

"जुन्यांचं जसं आहे तसं राहील."

"थँक्यू मॅडम. तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे," ती म्हणाली. दारात पुढच्या बॅचची पोरं येऊन उभी होती. तिनं फोन ठेवला आणि त्यांना आत घेतलं.